सातारा-कऱ्हाड हायवेवर छोटी विमानं उतरवायची मागणी : सही करण्याआधी धोके नीट बोलूया

उंब्रजकरीण (रविवार, रात्री ९:१०)

आठवडाभर आमच्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. हायवेचं सहापदरीकरण चाललंच आहे, तर सातारा आणि कऱ्हाडच्या मधला दोन-तीन किलोमीटरचा सरळ पट्टा छोट्या विमानांसाठी राखून ठेवा, उत्तर प्रदेशात होतं मग आपल्याकडे का नाही, अशी मागणी आहे. खाली एक्स्प्रेसवेवर लढाऊ विमान उतरतानाचा व्हिडिओ. सह्यांचे कागदही फिरताहेत. शाळेत स्टाफरूममध्ये माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी सही केली नाही. का केली नाही ते इथे लिहिते, कारण मधल्या सुट्टीत एवढं बोलून होत नाही.

माझी भाची वैमानिकाचं प्रशिक्षण घेतेय, त्यामुळे विमानाचा विषय घरात रोजचा. आणि मी स्वतः रोज याच रस्त्याने साताऱ्याला जाते-येते. म्हणजे वर विमानात बसलेल्याचीही काळजी मला आहे आणि खाली गाडीत बसलेल्याचीही.

त्या व्हिडिओत दिसतो तो चालू रस्ता नसतो. २१ मे २०१५ ला मथुरेजवळ यमुना एक्स्प्रेसवेवर मिराज-२००० उतरलं, तेव्हा तेवढ्या भागातली वाहतूक आधीच थांबवली होती. राजस्थानात बाडमेरकडे ९ सप्टेंबर २०२१ ला जी पट्टी सुरू झाली ती तीन किलोमीटर लांब आणि ३३ मीटर रुंद आहे, मध्ये दुभाजक नाही, दोन्ही टोकांना विमानं उभी करायला जागा आहे, नियंत्रण मनोरा आहे. शहाजहानपूरला गंगा एक्स्प्रेसवेवर २ मे २०२५ ला दिवसा आणि रात्रीही विमानं उतरवून पाहिली, तिथे साडेतीन किलोमीटरची पट्टी आहे. हे सगळं हवाई दलासाठी, युद्धाच्या वेळी नेहमीच्या धावपट्ट्या निकामी झाल्या तर म्हणून. आपल्याकडच्या मेसेजात मागणी आहे ती प्रशिक्षणाच्या आणि खासगी छोट्या विमानांसाठी, तीही "नुसता पट्टा राखून ठेवा" एवढीच. विमान छोटं आहे म्हणजे कुठेही उतरेल, असं लोकांनी धरूनच ठेवलंय.

अमेरिकेत २ एप्रिल २०१६ ला कॅलिफोर्नियात फॉलब्रुकजवळ इंटरस्टेट १५ वर लॅन्सेअर जातीचं एक छोटं विमान उतरलं. रस्त्याच्या कडेला एक मोटार थांबली होती. विमान घसरत जाऊन तिच्या मागच्या बाजूला धडकलं आणि मागच्या सीटवरची बाई जागीच गेली. हेच विमान २००० साली याच हायवेवर उतरलं होतं आणि तेव्हा निभावलं होतं. पहिल्या वेळी निभावलं म्हणून रस्ता सुरक्षित ठरत नाही, एवढं तरी यातून कळावं. त्या मोटारीतल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं, आणि कडेला गाडी लावून थांबणं हा काही गुन्हा नाही. आपल्या हायवेवर तर पंक्चर झालेला ट्रक, त्याच्या मागे ठेवलेले दगड आणि झाडाची फांदी हे दर दोन मैलांवर दिसतं.

इथे विमानातले, रस्तेबांधणीतले, गाड्या चालवणारे असे सगळेच लोक आहेत. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. इंजिन बंद पडलं तर वैमानिकाने हायवे बघावा की शेत? आणि विमान खाली येताना दिसलंच तर गाडीतल्या माणसाने काय करावं?

आकाशवाट (रविवार, रात्री ११:३५)

ताई, चांगला विषय काढलात. मी बरीच वर्षं प्रशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. सेसना १७२ डोळ्यापुढे ठेवून लिहितो, कारण प्रशिक्षणात हेच किंवा याच्या आसपासचं विमान असतं.

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत उतरतं. हजार फुटांवर असाल तर वारा नसताना साधारण पावणेतीन किलोमीटर जाता येतं. हजार फुटांवरून विचार करायला दीड मिनिटाच्या आतबाहेर वेळ मिळतो. त्यात जागा निवडायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, इंजिन पुन्हा चालू करून पाहायचं, रेडिओवर सांगायचं आणि विमानही उडवत राहायचं. एकदा खाली आलात की पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न नाही.

वरून हायवे फार मोहात पाडतो. लांब, सरळ, काळा, गुळगुळीत दिसतो. नवशिक्याची नजर आपोआप तिकडे जाते. पण वरून जे दिसत नाही तेच जीव घेतं, आणि त्यात पहिला नंबर तारांचा. तार हवेतून दिसतच नाही. दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून मुलांना शिकवतो की तार शोधू नका, खांब शोधा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर खांब किंवा मनोरे दिसले की मध्ये तारा आहेतच असं धरून चाला. कोयनेहून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्या आपल्या भागात किती ठिकाणी डोक्यावरून जातात ते रोज जाणाऱ्यांना माहीत आहे. शिवाय गावोगावच्या फाट्यांवर महावितरणच्या तारा आहेत.

दुसरं रुंदीचं. या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११ मीटर. रस्त्याची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे एका बाजूच्या तिन्ही लेन मिळून साडेदहा. पंख दुभाजकावर तरी येणार किंवा कडेच्या पट्टीवर तरी. सेसनाचे पंख वर असतात, त्यामुळे लोखंडी कठड्यावरून ते निघून जातात. पण ज्या विमानांचे पंख खाली असतात त्यांचं टोक कठड्याला किंवा दिशादर्शक पाटीच्या खांबाला लागलं की विमान जागेवर गरकन फिरतं. पंखांत इंधन असतं. सेसना १७२ मध्ये दोन्ही पंखांत मिळून दोनशे लिटर, आणि ते पेट्रोलच.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागाची. आपला हायवे साधारण उत्तर-दक्षिण जातो. वारा मात्र वर्षातला बराच काळ पश्चिमेकडून. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. म्हणजे हायवेवर उतरणारं विमान बहुतेक वेळा आडव्या वाऱ्यात येणार. या विमानाची आडव्या वाऱ्यात दाखवून दिलेली क्षमता १५ नॉट, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. जून-जुलैत झोत याहून सहज वर जातात. धावपट्टी ३० मीटर रुंद असली तर वाऱ्याने दोन-चार मीटर सरकवलं तरी चालतं. हायवेवर दोन मीटर सरकलात की समोर ट्रकची मागची फळी. कऱ्हाडची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, ती जुन्या लोकांनी वारा बघूनच तशी आखली.

तरीही हायवे कधीच नको असं मी म्हणणार नाही. रात्री खाली सगळा अंधार आणि फक्त रस्त्यावर दिवे असले, किंवा चहूकडे डोंगर असले, तर रस्ता हाच एक पर्याय उरतो. २ डिसेंबर २०२० ला मिनेसोटात आर्डन हिल्सला रात्री एक विमान इंटरस्टेटवर गाड्यांच्या ओळीत शिरून उतरलं, एका गाडीला मागून धडकलं, पण कुणालाही इजा झाली नाही. वाहतुकीच्याच दिशेने आणि तिच्याच वेगाने उतरल्याने टक्कर हलकी झाली. पण तिथे गाड्या ठरल्या लेनमध्ये, ठरल्या अंतराने चालत होत्या. आपल्याकडचं चित्र चालकांनीच सांगावं.

पेठनाक्याचा_गडी (सोमवार, सकाळी ६:०५)

काका, मी सांगतो. माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, एक मी चालवतो. कोल्हापूर-पुणे हा आमचा रोजचा धंदा.

पयली गोष्ट म्हणजे मागनं विमान येतंय हे आम्हाला कळणारच नाही. केबिनमध्ये इंजिनाचा आवाज, पंखा, गाणी. आरशात आम्ही रस्ता बघतो, आभाळ नाही. इंजिन बंद पडलेल्या विमानाला तर आवाजच नाही म्हणता. मग डोक्यावर सावली पडल्यावरच कळायचं. आणि कळलं तर माणूस काय करतो? ब्रेक मारतो. तेच नको ना? भरलेली गाडी, मागनं दुसरी भरलेली गाडी. विमान राहिलं बाजूला, आमच्यातच चार मरायचे.

दुसरी गोष्ट, ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च रात्रीचं या रस्त्यावर येऊन बघा. उसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यात झाकलेला. मोळ्या दोन्ही अंगांनी बाहेर. आमच्यासारख्या रोजच्या माणसाला ती ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसते. वरनं येणाऱ्याला ती काय दिसणार? त्यात उलट्या बाजूनं येणारे दुचाकीवाले. एक किलोमीटर पुढं जाऊन वळायचं टाळायला सरळ अंगावर येतात. काका, "वाहतुकीच्या दिशेने उतरा" म्हणता, पण आमच्याकडं एका बाजूला दोन दिशा असतात हो.

तिसरं, रस्त्यावर काही पडलं की गर्दी होते. टँकर उलटला तरी लोक कळशी घेऊन येतात. विमान उतरलं तर पाच मिनिटांत दोन्ही बाजू ठप्प, मोबाईल काढून सगळे रस्त्यात उभे. मागनं घाट उतरून येणाऱ्या गाडीला पुढं काय झालंय त्याचा पत्ता नसतो. खंबाटकीचा तो एस वळणाचा उतार ज्यानं बघितलाय त्याला हे सांगायला नको.

खडी_आणि_डांबर (सोमवार, दुपारी १:२०)

स्थापत्य अभियंता आहे, रस्त्याच्याच कामात आहे, या प्रकल्पावर नाही. मेसेजमध्ये "रस्ता मजबूत आहे, विमानाचं वजन सहज पेलेल" असं लिहिलंय. ते खरंच आहे, पण वजनाचा इथे प्रश्नच नाही. सेसना १७२ पूर्ण भरून सव्वा टनाच्या आत. त्याच्या कितीतरी पट वजनाची उसाची ट्रॉली त्या रस्त्यावरून रोज जाते.

खरी अडचण रस्त्याभोवती काय आहे ही. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना मोकळी, सपाट, अडथळ्याविना जागा ठेवावी लागते, टोकांना तर आणखी जास्त, कारण विमान सरळ रेषेत थांबेलच असं नसतं. आपल्या हायवेच्या कडेला काय आहे? पाणी जायला उघडं गटार, त्यापलीकडे सेवारस्ता, मग ढाबा, पेट्रोल पंप, शोरूम, घरं. दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल. दिव्यांचे खांब. डोक्यावर मोठ्या पाट्यांच्या कमानी. आणेवाडी आणि तासवडे इथले टोलनाके. नद्या-ओढ्यांवरचे पूल, त्यांचे कठडे आणि सांधे. उरमोडी, तारळी, कृष्णा एवढी नावं घेतली तरी लक्षात येईल. गाव आलं की उड्डाणपूल किंवा भुयारी रस्ता, आणि गावं एकमेकांना खेटून आहेत. या सगळ्यातून तीन किलोमीटरचा निर्वेध तुकडा नकाशावर दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. बाडमेरला तो मिळाला कारण तिथे वाळवंट आहे.

अजून एक बारीक दिसणारी पण फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे रस्त्यावरचा कचरा. फाटलेल्या टायरचे तुकडे, त्यातल्या तारा, सुटलेले नट, खडी, उसाची कांडी. विमानतळावर धावपट्टीची तपासणी करून असला कचरा उचलतात, कारण प्रोपेलर जमिनीपासून जेमतेम फूटभर वर फिरतो आणि खडा ओढून घेतो. त्याच्या पात्याला खाच पडली की तिथून तडा वाढत जातो. मग ते विमान त्या रस्त्यावरून पुन्हा उडवणं म्हणजे आधीच्यापेक्षा मोठी जोखीम.

सिंगापूरमध्ये लिम चू कांग रस्त्यावर लष्करी विमानांचा सराव होतो तेव्हा दिव्यांचे खांब, बसथांबे, पाट्या सगळं आधी काढून घेतात, रस्ता झाडून घेतात, आणि सराव संपला की परत लावतात. रस्ता बांधतानाच तशी सोय केलेली आहे. ऑस्ट्रेलियात नलारबॉरच्या ओसाड भागात आयर हायवेवर विमानाने रुग्णांपर्यंत जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांच्या विमानांसाठी पट्टे आखलेले आहेत, तिथेही उतरण्याआधी दोन्ही बाजूंनी गाड्या थांबवल्या जातात. जिब्राल्टरमध्ये तर शहरात जाणारा मुख्य रस्ताच धावपट्टीला छेदून जायचा, फाटक पाडून गाड्या अडवायचे. २०२३ मध्ये तिथे धावपट्टीखालून बोगदा सुरू झाला. गाड्या आणि विमानं एकत्र येऊ द्यायची नाहीत, हेच सगळीकडचं सूत्र.

द्राक्षवाले_तासगाव (सोमवार, संध्याकाळी ७:५०)

काका, ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर राहिलं. शेतात उतरायचं म्हणता, पण कुठल्या शेतात? माझ्या बागेत विमान आलं तर काय होईल सांगतो. द्राक्षबागेत दर काही फुटांवर लोखंडी अँगल उभे, वर वाय आकाराचे हात, त्यांच्यावरून ताणलेल्या जाड तारा, आणि त्या टोकाला जमिनीत गाडलेल्या दगडाला बांधलेल्या. वरून हिरवागार गालिचा दिसतो. आत सगळा लोखंडाचा सापळा. पलूस, तासगाव, मिरज या पट्ट्यात एकरच्या एकर हेच आहे. पावसाळ्यात शेततळी, विहिरी भरलेल्या, काही विहिरींना कठडाही नाही. ऊस आठ-दहा फूट उंच. हळदीला सरी-वरंबे. मग वैमानिकाने करायचं तरी काय?

आकाशवाट (सोमवार, रात्री १०:१५)

दादा, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. वरून रंग वाचायला शिकवतो आम्ही. एकसारख्या ओळींचा दाट हिरवा पट्टा दिसला आणि त्यात उन्हात चमक दिसली तर ती बाग, तिथे जायचं नाही. उंच ऊस दुसरं काहीच नसेल तरच. वरच्या शेंड्यांवर विमान टेकतं, वेग पटकन मरतो आणि ते नाकावर जाऊन उलटं होऊ शकतं. तरी पट्टे घट्ट बांधलेले असले तर त्यातून माणूस वाचतो. पसंती द्यायची ती काढणी झालेल्या रानाला, सोयाबीन-हरभऱ्यासारख्या बुटक्या पिकाला, किंवा पठारावरच्या माळाला. सरी असेल तर सरीच्या लांबीने उतरायचं, आडवं कधीच नाही. पावसात काळ्या रानात चाक रुततं आणि विमान कोलांटी खातं, तेव्हा मुरमाड रान शोधायचं. चढ असेल तर चढाकडे तोंड करून.

शेतात विमान मोडतं, हे मान्यच करून चालायचं. विमान वाचवायला गेलेला वैमानिक माणसं घालवतो. चाकं तुटली, पंख वाकले, पण माणूस दार उघडून चालत बाहेर आला की जमलं. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला प्रशिक्षणाचं विमान शेतात कोसळलं, विमानाचा चुराडा झाला आणि शिकाऊ वैमानिक मुलगी किरकोळ जखमांवर सुटली. तीच कहाणी चालू रस्त्यावर झाली असती तर आणखी कोण कोण त्यात सापडलं असतं याचा विचार करा. शेतात वैमानिकाचा धोका त्याच्यापुरता राहतो. रस्त्यावर तो दुसऱ्यांवर जातो. शेतातही खुरपणीला बायका असतात, म्हणून माणसं दिसली की ते रानही सोडायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

मोठ्या विमानाचं एक उदाहरण देतो, कारण मुद्दा तोच आहे. ४ एप्रिल १९७७ ला अमेरिकेत जॉर्जियामध्ये सदर्न एअरवेजच्या डीसी-९ या प्रवासी विमानाची दोन्ही इंजिनं गारपिटीच्या वादळात बंद पडली. वैमानिकांनी न्यू होप नावाच्या गावातल्या रस्त्यावर ते उतरवलं. चाकं रस्त्यावर टेकली होती. पण पंख कडेच्या झाडांना, खांबांना आणि पेट्रोल पंप असलेल्या दुकानाला लागले. ७२ माणसं गेली, त्यातली नऊ जमिनीवरची. आणि अलीकडे ९ फेब्रुवारी २०२४ ला फ्लोरिडात नेपल्सजवळ एक खासगी जेट इंटरस्टेट ७५ वर उतरलं, गाड्यांना घासत कडेच्या भिंतीवर गेलं आणि पेटलं. दोन्ही वैमानिक गेले, मागचे तिघे बाहेर पडू शकले.

आपल्या देशात २३ जानेवारी २०२० ला गाझियाबादजवळ ईस्टर्न पेरिफेरल एक्स्प्रेसवेवर एनसीसीचं दोन आसनी विमान उतरलं. पंखाला मार बसला, दोघेही सुखरूप. ते विमानच फार कमी वेगाने, थोडक्या जागेत उतरणारं होतं आणि रस्ता नवा, मोकळा होता. ते बघून आपल्या रस्त्याचा अंदाज बांधू नये.

कृष्णाकाठ_सांगली (मंगळवार, सकाळी ९:३०)

सगळ्यांचं वाचलं. तरी मला दुसरी बाजू मांडायची आहे, आणि ती मनापासून मांडतोय. ऑगस्ट २०१९ चा पूर मी सांगलीत काढलाय. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, कोल्हापूरचा रस्ता तुटलेला. ब्रह्मनाळला बोट उलटून गावची माणसं गेली. २०२१ ला पुन्हा तेच. त्या दिवसांत औषध, दूध, रक्ताच्या पिशव्या यांच्यासाठी माणसं रडली आहेत. तेव्हा मला वाटतं की हायवेचा कोरडा, उंचावरचा एखादा तुकडा विमानासाठी तयार असता तर बरं झालं असतं. हे चुकीचं आहे का? धोका आहे म्हणून सोयच नको असं म्हणून कसं चालेल?

उंब्रजकरीण (मंगळवार, दुपारी ४:४५)

कृष्णाकाठ दादा, तुमचं म्हणणं अजिबात चुकीचं नाही. त्या पुरात माझ्या आत्याला तिसऱ्या दिवशी बोटीतून काढलं, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं मला दिसतंय. पण पुरात काय उपयोगी पडलं ते आठवा. बोटी आणि हेलिकॉप्टर. चार जणांचं छोटं विमान एका खेपेत किती नेणार? दोन माणसं आणि शंभर-सव्वाशे किलो सामान. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरतं. आणि पुराच्या काळात हायवे हाच ट्रकांचा, रुग्णवाहिकांचा, स्थलांतर करणाऱ्या माणसांचा एकमेव मार्ग असतो. शिरोलीला रस्ता बंद झाला की मागे किती लांब रांग लागते ते तुम्ही पाहिलंय. त्याच रस्त्यावरची माणसं हटवून विमान उतरवायचं?

कऱ्हाडला कोयना धरणाच्या वेळची धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूरची विमानतळाची जुनी जागा आहे. कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ चालू आहे. पुरासाठी मागायचंच तर या जागा सज्ज ठेवा म्हणून मागू. प्रत्येक तालुक्यात पुराच्या रेषेच्या वर दोन-तीन पक्की हेलिपॅड मागू. त्या कागदावर मी सगळ्यांत आधी सही करीन.

हेलिकॉप्टरसुद्धा रस्त्यावर सुरक्षित असतं असं नाही. ७ जून २०२५ ला केदारनाथच्या वाटेवर बडासूला एक हेलिकॉप्टर उडताच बिघडलं म्हणून रस्त्यावर उतरवलं, तर शेपटीचा भाग उभ्या मोटारीवर आदळला. भाविक वाचले. म्हणून मैदान हवं, रस्ता नको.

रुग्णवाहिकेतली_ताई (मंगळवार, रात्री ८:२०)

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने काय करायचं यावर कुणीच लिहिलं नाही. अपघाताच्या ठिकाणी आम्हीच आधी पोहोचतो, म्हणून या गोष्टी आम्ही शिकून घेतल्या आहेत.

विमान पुढे उतरताना दिसलं तर एकदम ब्रेक नको. धोक्याचे दिवे लावा, हळूहळू वेग कमी करा, डावीकडे घ्या. मागून येत असेल तर तुमची लेन सोडून इकडे-तिकडे पळू नका, वैमानिक तुमच्या गाड्यांमधली फट बघून येत असतो. उतरल्यावर पहिलं काम मागची वाहतूक थांबवणं. दोघांनी मागे दूरपर्यंत चालत जाऊन लाल कपडा, टॉर्च, काहीही दाखवत राहा. ११२ ला फोन, आणि राष्ट्रीय महामार्गाचा १०३३.

प्रोपेलर थांबलेला दिसला तरी त्याला हात लावायचा नाही, त्याच्या समोर उभं राहायचं नाही. या इंजिनांची ठिणगी मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनासोबत फिरून स्वतःच वीज तयार करणाऱ्या भागावर चालते, तिला बॅटरी लागत नाही. स्विच चालू राहिला असेल आणि कुणी पातं नुसतं ढकललं तरी इंजिन एक फेरा मारू शकतं, आणि तेवढ्यात हात जातो. विमानाजवळ नेहमी मागच्या बाजूने, पंखाच्या मागून जा. विडी-सिगारेट दूर. काही नव्या विमानांत आख्ख्या विमानासाठी पॅराशूट असतं आणि ते रॉकेटने सुटतं. बाहेर त्रिकोणी इशारा चिकटवलेला असतो. तो दिसला तर तिथला पत्रा कापू नका, ओढू नका.

आतल्या माणसाला आग किंवा आगीची भीती असेल तरच लगेच ओढून काढा. नाहीतर मान स्थिर धरून आमची वाट बघा.

पेठनाक्याचा_गडी (मंगळवार, रात्री ९:४०)

ताई, हे लय कामाचं सांगितलं. प्रोपेलरचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पोरं आधी तिथंच हात घालतील फोटोसाठी. एक विचारतो, समजा विमान धड उतरलं, काही मोडलं नाही, तर रस्ता अडवून ते परत उडवता येतं का? मेसेजात लिहिलंय "उतरेल आणि उडेल".

आकाशवाट (बुधवार, सकाळी ७:००)

गडीभाऊ, उतरणं ही लाचारी असते, त्यात निवड नसते. उडणं ही निवड असते, म्हणून त्यात घाई करणाऱ्याला माफी नाही.

पहिलं म्हणजे ते विमान कशामुळे उतरलं? इंधनात पाणी होतं, कार्ब्युरेटर गोठला, तेल गेलं, की इंधनच संपलं? कारण कळल्याशिवाय उडवलं तर तोच बिघाड दोनशे फुटांवर पुन्हा येणार, आणि तेव्हा खाली दीड मिनिटही नसतं. दुसरं म्हणजे कायदा. अपघात किंवा गंभीर घटना झाली तर विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या परवानगीशिवाय ते हलवता येत नाही. माणसं काढायला किंवा धोका टाळायला जेवढं लागेल तेवढंच हलवायचं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता वेगळीच. बहुतेक वेळा पंख सोडवून विमान ट्रेलरवर घालून नेतात, आणि तेच शहाणपणाचं.

तिसरं म्हणजे आपली हवा. पुस्तकात समुद्रसपाटीला, थंड हवेत उडून ५० फुटांचा अडथळा ओलांडायला सेसना १७२ ला साधारण पाचशे मीटर लागतात असं लिहिलेलं असतं. कऱ्हाड समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८ अंश झालं की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण दीड हजार मीटरवर असल्यासारखं वाटतं. म्हणजे कऱ्हाडच्या रस्त्यावर उभं राहून ते महाबळेश्वरापेक्षा उंचावरून उडतंय असं समजा. इंजिनाची ताकद कमी, पंखांची उचल कमी, प्रोपेलरची पकड कमी. लागणारी लांबी दीडपट होऊन वर जाते. विमान जमिनीवरून सुटतं, तरंगतं, आणि वर मात्र चढत नाही. समोर पाटीची कमान. हे मी शिकवताना तक्त्यावर मांडून दाखवायचो तेव्हा मुलांचे चेहरे बदलायचे.

आणि रस्ता किती वेळ अडवणार? विमान ढकलून सरळ करायचं, कचरा झाडायचा, इंजिन गरम करून तपासायचं, दोन्ही बाजूंचे सेवारस्ते आणि फाटे मोकळे ठेवायचे. एक कुत्रं, एक दुचाकीवाला मध्ये आला तर सगळं संपलं.

उंब्रजकरीण (बुधवार, संध्याकाळी ६:३०)

भाचीला हा धागा वाचायला दिला. तिने दोन गोष्टी लिहायला सांगितल्या. उतरण्याआधी इंधन आणि इग्निशन बंद करायचं आणि दाराची कडी सोडून ठेवायची, म्हणजे सांगाडा वाकला तरी दार अडकत नाही. आणि १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर हाक देताना जागा सांगायची ती खालच्या माणसाला कळेल अशी, "तासवडे टोलच्या उत्तरेला" अशी.

सह्यांच्या कागदाऐवजी मी दुसरं निवेदन लिहायला घेतलंय. कऱ्हाडच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडच्या तारांवर, त्या वैमानिकाला दिसाव्यात म्हणून लावतात ते नारिंगी-पांढरे गोळे आहेत का ते तपासावं आणि नसतील तर लावावेत. पुराच्या रेषेवरची हेलिपॅड. उसाच्या ट्रॉल्यांना मागचा दिवा सक्तीने. शेवटचं विमानाशी संबंधित नाही असं वाटेल, पण रस्ता आधी गाड्यांसाठी धड होऊ दे. खडी_आणि_डांबर, तारा नेमक्या कुठे कुठे ओलांडतात ते मांडायला मदत कराल का?

खडी_आणि_डांबर (बुधवार, रात्री ९:०५)

करतो. रविवारी शेंद्रे ते कऱ्हाड सेवारस्त्याने जाऊन प्रत्येक वाहिनीचा किलोमीटर दगड लिहून आणतो. बरोबर कुणी आलं तर एकाने गाडी चालवावी.

पेठनाक्याचा_गडी (बुधवार, रात्री ९:२०)

गाडी मी चालवतो. आणि आकाशवाट काका, आमच्या पेठनाक्यावर चालकांची दर महिन्याला बैठक असते. ताईंनी लिहिलेलं आणि तुम्ही लिहिलेलं तिथं येऊन सांगाल का? पन्नास-साठ जण असतात. पडदा नाही, पण भिंत पांढरी आहे.

आकाशवाट (बुधवार, रात्री १०:००)

येतो. रुग्णवाहिकेतल्या ताईंनाही बोलवा, प्रोपेलरचं त्यांनीच सांगावं. तारीख कळवा.